गायरानाचा ठराव जानेवारीत नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या पावसाळ्यातील वृक्षलागवडीच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागल्या आहेत. कोणत्या तालुक्यात किती खड्डे, किती रोपे, हे त्यांत असते. ज्या जमिनीवर हे खड्डे पडतात तिच्यावर आज कोण जगते, हे मात्र वाचायला मिळत नाही. मी केज तालुक्यात अनेक वर्षे समाजशास्त्र शिकवले. तरीही हा प्रश्न मला स्वतःला सुचला नव्हता, तो एका शेजारणीने विचारला.

चार वर्षांपूर्वी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्या गावाने गायरानावर, म्हणजे गावाच्या सामायिक चराईच्या जमिनीवर, झाडे लावण्याचा ठराव केला. चराईबंदी ठरली, जनावरे आत येऊ नयेत म्हणून भोवती चारी (लांब चर) खोदायचे ठरले. मीही हात वर केला होता. पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीची कुटुंबे परत आली, तेव्हा चारी खोदून झाली होती. ती शेजारीण मला म्हणाली, "बाई, आमी फडात व्हतो, तवाच तुमी रान बांधलं व्हय?"

तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दसरा-दिवाळीनंतर आमचे निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्यांकडे जाते. २६ जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा ज्यांच्या शेळ्या गायरानावर चरतात, ते नवरा-बायको कुठल्यातरी फडात मोळ्या बांधत असतात. शेळ्या म्हाताऱ्यांकडे सोपवलेल्या असतात. ठराव बहुमताने होतो, पण तो गावात उरलेल्यांच्या बहुमताने, आणि गावात उरतात ते बहुधा जमीनवाले.

पुढे काय झाले ते सांगते. चारा बंद झाल्यावर शेळ्या लोकांच्या बांधावर जाऊ लागल्या, भांडणे झाली. काहींनी पडेल त्या भावाने शेळ्या विकल्या. ज्यांच्याकडे गुंठाभर रान नाही, त्यांचे बाळंतपण, दवाखाना, पोरांची वह्या-पुस्तके शेळी विकूनच भागतात. ती आधाराची वस्तू गेली तशी दिवाळीत मुकादमाकडून, म्हणजे तोडणीच्या टोळीच्या ठेकेदाराकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) वाढली, आणि ती फिटेपर्यंत फडातून सुटका नाही. म्हणजे पर्यावरण सुधारण्यासाठी केलेल्या कामाने ही माणसे ऊसाला आणखी घट्ट बांधली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातही भरपूर पाणी पिणारा ऊस मोठ्या प्रमाणावर होता. झाडे, पाणी, कर्ज आणि स्थलांतर ही चार खाती वेगळी मानून आपण योजना आखतो. गावात ती एकाच चुलीपाशी बसलेली असतात.

रोपेही जगली नाहीत. मुरमाड जमीन, दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी नाही, राखायला कोणी नाही. ज्यांनी राखली असती त्यांनाच आपण चारीबाहेर काढले होते.

मुळात आमचे गायरान पडीक नव्हतेच. बालाघाटच्या पायथ्याचा हा माळ गवताचा आहे. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते आपल्या मुळांनी माती धरतात. अशा माळावर जेसीबीने खड्डे घेऊन ग्लिरिसिडियासारखी परदेशी झाडे लावणे म्हणजे चालता संसार मोडून नवा मांडणे. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात जमिनी कशा खरवडून गेल्या, ते सर्वांनी पाहिले. धरून ठेवलेल्या मातीचे मोल आता तरी कळावे. पूर्वी धनगर माळावरून उतरून शेतात मेंढ्या बसवत, शेतकरी त्यांना धान्य देई, रानाला खत मिळे. हा व्यवहारही त्या परिसंस्थेचाच भाग होता.

अति चराईने माळ उघडा पडतो, हे मी नाकारत नाही. पण चराईवर नियम घालायचे ते कोणी, हा खरा मुद्दा आहे. अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते सामायिक कुरणे, पाणी, जंगल वापरणारे लोक स्वतः नियम करून ती टिकवू शकतात, हे दाखवल्याबद्दल. आपल्याकडे दुष्काळातून सावरलेल्या हिवरे बाजार या गावाचे उदाहरण सगळे देतात. तिथे चराईबंदीसोबत सिंचनासाठीच्या बोअरवर आणि ऊसावरही बंदी होती. आमच्यासारखी गावे चराईबंदी उचलतात, बोअरबंदी तिथेच सोडतात. ६० मीटरपेक्षा खोल बोअरवर २००९ च्या भूजल कायद्यात निर्बंध आहेत, पण आमच्या ग्रामसभेत त्यावर चर्चा झाल्याचे मला आठवत नाही. शेळीवाल्या बाईला थांबवणे सोपे असते.

गायरानाला जातीचाही इतिहास आहे. आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे सत्याग्रह भूमिहीनांना अशी जमीन मिळावी यासाठी होते. १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची भूमिहीन मागासवर्गीयांची अतिक्रमणे नियमित करण्याची वाट केली, तरी कितीतरी कुटुंबांच्या हातात अजून सातबारा नाही. त्यांच्या पट्ट्यांवर लागवडीचे खड्डे पडता कामा नयेत.

आमच्या गावात यंदाही तोच ठराव पुन्हा मांडला गेला आहे. माझे म्हणणे असे की गायरानाचा निर्णय १ मेच्या ग्रामसभेत, आणि त्याआधी महिला ग्रामसभेत व्हावा. निम्मे गायरान पावसाळ्यात राखावे, गवताचे बी पडले की विळ्याने कापून न्यायला सर्वांना खुले करावे, पुढच्या वर्षी दुसरे निम्मे राखावे. झाडे लावायचीच तर ओढ्याच्या काठाने बोर, बाभूळ, हिवर लावावीत आणि राखणीची मजुरी रोजगार हमीतून शेळ्या पाळणाऱ्या बायकांना द्यावी.

तालुक्यातील अधिकाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे की माणसे फडातून परत येईपर्यंत खड्ड्यांचे काम सुरू करू नये.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका, केज तालुका, जि. बीड