विश्वासाला रडायची मुभा असू द्या

महोदय,

संकटात सापडलेल्या ख्रिस्ती माणसाला दोन वाक्ये हमखास ऐकावी लागतात. 'सोसवेल त्याहून जास्त देव देत नाही' आणि 'जे होतं ते भल्यासाठीच'. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण दोन्ही वाक्ये शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, अर्धवट उचललेली आहेत. पहिले ज्या वचनावरून आले (१ करिंथ १०:१३), तिथे विषय मोहाचा आणि परीक्षेचा आहे, दुःखाच्या वजनाचा नाही. करिंथच्या त्याच मंडळीला (चर्चला) प्रेषित पौल दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा सुटली. रोम ८:२८ मध्येही देव सर्व गोष्टींतून कल्याण साधतो असे आहे; प्रत्येक गोष्ट चांगलीच असते असे नाही. शिवाय दोनच वचने आधी, प्रार्थना काय करावी हेही आपल्याला कळत नाही, अशी सरळ कबुली आहे. ती मात्र भेटीला आलेले कोणी वाचून दाखवत नाही.

विश्वास बहुधा रागाने तुटत नाही, गप्प बसण्याने तुटतो. मनात तक्रार आणि ओठांवर स्तुती असे चार महिने चालले की प्रार्थना खोटी वाटू लागते आणि माणूस ती सोडून देतो. यावरचा उपाय स्तोत्रसंहितेतच, म्हणजे बायबलमधल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकातच आहे. दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. नमुन्याला १३वे घ्या, अवघी सहा वचने. पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा सवाल चार वेळा येतो, पुढच्या दोनांत मागणे, शेवटच्या दोनांत भरवसा. याच क्रमाने कागदावर लिहावे. तक्रार नाव घेऊन लिहावी: आजार, कर्ज, गेलेले माणूस, जे असेल ते. भाषा सौम्य करू नये. वधस्तंभावर येशूने २२व्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, तीही 'मला का सोडलेस' अशीच आहे. मागणे एकच आणि लहान असावे: आजची रात्र झोप लागू दे. भरवशाची ओळ सुचली नाही तर जागा कोरी सोडावी. बहुतेकांची चूक इथेच होते, पहिल्या पायऱ्या टाळून थेट शेवटच्या पायरीवर उडी. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

एवढेही जमत नाही असे दिवस येतात. तेव्हा प्रार्थना बंद न करता छोटी करावी: सकाळी आणि झोपताना फक्त प्रभूची प्रार्थना. तिला एक मिनिटही लागत नाही. उपासनेला जाऊन नुसते बसले तरी चालते, गाणे इतर म्हणतील. मन कोरडे पडलेले असताना आधीचे निर्णय फिरवू नयेत, हा सोळाव्या शतकातले ख्रिस्ती धर्मगुरू इग्नेशियस लोयोला यांचा नियमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. मंडळी सोडायची की नाही, ते मन थाऱ्यावर आल्यावर ठरवावे.

शरीराकडे दुर्लक्ष ही दुसरी मोठी चूक. एलीया संदेष्ट्याने झुडपाखाली मरण मागितले तेव्हा त्याला उपदेश मिळाला नाही. झोप, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा जेवण. होरेब पर्वतापर्यंतचा चाळीस दिवसांचा प्रवास त्यानंतरचा (१ राजे १९). उपवास-प्रार्थनेचा सल्ला देण्याआधी समोरचा माणूस नीट जेवतो का, ते विचारावे. नैराश्यावरचे औषध घेणे म्हणजे विश्वासाची कमतरता नव्हे. मरणाची भाषा करणाऱ्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

भेटीला जाणाऱ्यांसाठी, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे सांत्वन करायला आलेले मित्र हा उत्तम धडा आहे. सात दिवस ते गप्प बसले तोवर ठीक चालले होते. कारणे शोधू लागले आणि सगळे बिघडले. पाप कोणाचे, हा प्रश्न येशूने जन्मांधाच्या बाबतीत (योहान ९:३) सरळ नाकारला आहे. म्हणून भेट वीस मिनिटांची असावी, प्रार्थना विचारूनच करावी, आणि 'काही लागलं तर सांगा' असे मोघम बोलण्याऐवजी काम ठरवून घ्यावे: रात्री रुग्णाजवळ कोण बसणार, मुलांना शाळेत कोण सोडणार. पहिल्या आठवड्यात घर भरलेले असते, महिन्यानंतर कोणी फिरकत नाही. पाळकांनी (चर्चच्या धर्मगुरूंनी) महिना, सहा महिने आणि वर्षश्राद्धासारखा जड जाणारा पहिला स्मृतिदिन, या तारखा वहीत टिपून ठेवाव्यात.

मंडळ्यांना एक सूचना. महिन्यातल्या एका रविवारी उपासनेत विलापस्तोत्र मोठ्याने वाचावे. सुरुवात १३व्याने करावी; ८८वे सवय झाल्यावर घ्यावे, आणि ते संपताच घाईघाईने आनंदाचे गीत सुरू करू नये.

आपले,
रुग्णभेट आणि शोकभेट करणारे काही वाचक