विमानतळावर भेटलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ओळख पटावी म्हणून खूण सांगते. रात्रीचे साडेअकरा, सामानाचा सात नंबरचा पट्टा. हिरवी शाल घेतलेली माझी आई दुखऱ्या गुडघ्यानं लंगडत होती आणि आमच्या दोन मोठ्या बॅगांची ट्रॉली एक अनोळखी माणूस ढकलत होता. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होतं, हातात प्लास्टिकमध्ये घातलेलं दरपत्रक. तो पुढे, आम्ही दोघी मागे. "आई, सावकाश चल," एवढंच मी मराठीत म्हणाले आणि मागून आवाज आला, "अगं, थांब जरा. गाडी ठरवलीस का आधी?"

परक्या देशात, त्या वेळी, त्या एका 'अगं'नं मला किती धीर आला हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.

तुम्ही त्या माणसाशी भांडला नाहीत. मला आधी ट्रॉली परत घ्यायला लावलीत आणि म्हणालात, "सामान डिकीत गेलं की भाव करायची ताकद गेली. बोलायचं ते बॅगा आपल्या हातात असताना." मग बाजूला उभ्या राहिलात आणि प्रश्न मला विचारायला लावलेत. हे पैसे अख्ख्या गाडीचे की माणशी? टोल धरून की वेगळा? बॅगांचे निराळे घेणार का? आणि आकडा कोणत्या चलनातला? पहिल्याच प्रश्नाला त्याचं उत्तर फिरलं. मघाशी जो आकडा अख्ख्या प्रवासाचा वाटला होता, तो माणशी निघाला. चौथा प्रश्न विचारला तेव्हा तो दुसऱ्या प्रवाशाकडे वळला होता. तुम्ही स्वतः त्याला हाकललं असतंत तर त्या रात्रीपुरती माझी सुटका झाली असती. विचारायचं कसं ते मात्र मला कळलं नसतं.

मग तुम्ही आईला बाकावर बसवलंत आणि विचारलंत, "हॉटेलला विचारलं होतंस का, टॅक्सीला साधारण किती पडतात?" विचारलं होतं. उत्तरही आलं होतं, पण ते मी खोलीच्या आरक्षणापुरतंच वाचलं होतं. फोनमध्ये ती मेल उघडली तर शेवटच्या दोन ओळींत सगळं होतं: टॅक्सीचं नेहमीचं भाडं, चाळीस मिनिटांचा रस्ता, रांग कुठे लागते ते. त्या माणसानं मागितलेले पैसे याच्या जवळजवळ तिप्पट होते. तेव्हापासून कुठेही जायचं असलं की निघण्याआधी हॉटेलला हा एक प्रश्न मी विचारतेच. योग्य भाडं किती हे आपल्याला माहीत नसतं, तोवर समोरचा सांगेल तो आकडा खरा वाटतो. फसवणूक तिथूनच सुरू होते.

पैशांचंही तुम्हीच सांभाळून घेतलंत. मी चलन बदलून देणाऱ्या पहिल्याच खिडकीकडे निघाले होते. तुम्ही मला बँकेच्या एटीएमपाशी नेलंत, गाडीभाड्यापुरते पैसे काढायला सांगितलेत आणि मशीननं "तुमच्या चलनात हिशेब करू का" असं विचारल्यावर 'नाही' दाबायला लावलंत. 'हो' म्हटलं की दर मशीनवाले लावतात, 'नाही' म्हटलं की हिशेब आपल्या कार्डाच्या व्यवस्थेतून होतो आणि तो बहुतेक वेळा स्वस्त पडतो, हे मी आजवर कित्येकांना सांगितलं आहे. मोठी नोट मोडून घ्यायचा आग्रहही तुमचाच. ड्रायव्हरला पैसे देताना नोट वर धरून आकडा मोठ्यानं म्हणायचा, म्हणजे "तुम्ही लहान नोट दिलीत" असं म्हणायला त्याला वाव उरत नाही.

ट्रेनबद्दल तुम्ही जे बोललात ते मला फार पटलं. स्वस्त म्हणून सगळे ट्रेन सुचवतात. एकटा माणूस, एक पिशवी आणि दिवसाची वेळ असेल तर ट्रेनसारखं दुसरं काही नाही, कारण तिचं तिकीट ठरलेलं असतं. पण दोघी जणी, दुखरा गुडघा, जिने, आणि स्टेशनवर उतरून परत टॅक्सी, म्हणजे तेच दलाल पुन्हा भेटणार. "पैसे वाचवायचे म्हणून आईला दमवू नकोस," म्हणालात. ॲपची गाडी मागवायची तर नंबरप्लेट स्वतः पडताळायची आणि "मीच तुमचा ड्रायव्हर" म्हणत कोणी जवळ आलं तर त्याला आपलं नाव सांगायचं नाही, त्यालाच विचारायचं. त्या रात्री चार विमानं एकदम उतरली होती, ॲपवरचा दर चढला होता, म्हणून आपण रांगेत गेलो.

रांगेत तुम्ही सांगितलेलं सगळं मी नंतर पडताळून पाहिलं. न्यूयॉर्कच्या जेएफके विमानतळावरून मॅनहॅटनला टॅक्सीचं भाडं ठरलेलं आहे. पॅरिसला सीन नदीच्या उजव्या काठाला एक, डाव्या काठाला दुसरं. रोमला जुन्या तटबंदीच्या आतल्या भागासाठी ठरलेलं. अशा ठिकाणी मीटर बघायची गरजच नाही, आपलं हॉटेल त्या हद्दीत येतं का एवढंच बघायचं. जिथे असं भाडं ठरलेलं नाही तिथे मीटर, आणि मीटर बंद असेल तर ती गाडी सोडून मागची घ्यायची. मीटरबद्दल तुम्ही आणखी एक गोष्ट सांगितलीत, जी सहसा कोणी सांगत नाही: गाडी अडकून उभी राहिली तरी मीटर वेळेच्या हिशेबानं चालत राहतो, विमानतळाचा अधिभार आणि रात्रीचा दर कित्येक शहरांत कायदेशीर असतात. भाडं थोडं जास्त झालं म्हणून लगेच ड्रायव्हरला चोर ठरवायचं नाही. मला हे फार आवडलं. फसणाऱ्याची बाजू घेताना तुम्ही प्रामाणिक माणसावर अन्याय होऊ दिला नाहीत.

आणि ती चिठ्ठी! हॉटेलचं नाव मी इंग्रजीत दाखवत होते. तुम्ही चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीला तुमचं पेन दिलंत आणि माझ्या बोर्डिंग पासच्या मागे पत्ता तिथल्या लिपीत लिहून घेतलात, खाली हॉटेलचा फोन नंबर. ड्रायव्हरनं तो कागद दिव्याखाली धरला, बोटानं ओळ वाचली आणि मान हलवली. अर्ध्या वाटेत तो म्हणाला की ते हॉटेल बंद आहे, त्याच्या माहितीतलं दुसरं चांगलं आहे. हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून मी घाबरले नाही. कागदावरचा नंबर लावला, रिसेप्शनवरच्या माणसाला बोलायला लावलं आणि फोन पुढे दिला. ड्रायव्हर काही बोलला नाही. गाडी सरळ दारात गेली. आईनं सगळा रस्ता मीटरवर नजर ठेवली होती, लाल आकडे उड्या मारत वर जाताना ती ओठांतल्या ओठांत वाचत होती. शेवटचा आकडा हॉटेलनं कळवलेल्या भाड्यापेक्षा थोडासाच जास्त होता, आणि तेवढा फरक पावतीवर अधिभार म्हणून छापलेला होता.

आई त्या रात्री झोपण्यापूर्वी म्हणाली, "त्या बाईंची गाडी आपल्यामुळे चुकली असेल गं." तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुम्हाला घ्यायला कोणीतरी आलेलं होतं. तुम्ही दोनदा फोनवर "आलेच, पाच मिनिटं" म्हणाला होतात, आणि आम्ही टॅक्सीत बसून दार लागेपर्यंत तिथून हलला नव्हतात.

ताई, मनापासून आभार. तो बोर्डिंग पास मी जपून ठेवला आहे. तुमचं पेनही माझ्याकडेच राहिलं, निळ्या शाईचं, टोपणाला दातांच्या खुणा असलेलं. ते तुम्हाला परत द्यायचं आहे.

तुमची,
हिरव्या शालवाल्या आईची मुलगी