चांदणपूरचा द्रुतगती मार्ग आणि आपला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नात सातवीत आहे. सुट्टीत तिने मनानेच एक शहर वसवलं, चांदणपूर, आणि कार्डशीटवर त्याचा नकाशा काढला. शहरातून सहापदरी द्रुतगती मार्ग, पट्टी ठेवून ओढलेला. मी उभी नोकरी ड्रॉइंग बोर्डापाशी काढली, त्यामुळे गप्प बसवेना. विचारलं, "याच्या आधी रस्ता कुठून जायचा?" म्हणाली, "आजोबा, आधी नव्हताच!"

मग दोघांनी बसून त्या रस्त्याला इतिहास दिला. आधी बाजाराची गाडीवाट, मग ओढ्यावर फरशी, मग डांबर. गर्दी झाली म्हणून बायपास. बायपासला ढाबे, ढाब्यांमागे प्लॉटिंग, आणि बघता बघता शहरच बायपासला येऊन टेकलं. खोडरबराने कागद दोन ठिकाणी फाटला.

हे सगळं साताऱ्यावरूनच सुचलं, हे सांगायला नको. गावाबाहेरून नेलेला पुणे-बंगळुरू महामार्ग आज बॉम्बे रेस्टॉरंट चौकात शहराच्या मधोमध आहे; वरून उड्डाणपूल, खाली आपली रोजची घुसाघुशी. याच रस्त्यावरच्या खंबाटकी घाटाचंही तेच. पुण्याहून येताना घाट चढायचा, जाताना बोगदा. बोगद्यातून सुटलेली गाडी उतारावर थेट 'एस' वळणात. 2018 च्या एप्रिलमध्ये तिथे मजुरांचा टेम्पो उलटून 18 जण गेले. ते वळण टाळायला नवे जुळे बोगदे हाती घ्यावे लागले. कागदावरची चूक रबराने जाते, डोंगरातली अशी जात नाही.

नातीने मात्र मला एका जागी अडवलं. रस्त्याच्या एका अंगाला घरं, दुसऱ्या अंगाला रानं. "म्हशी पलीकडे कशा जाणार?" खरंच की! माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पुणे-साताऱ्याचं सहापदरीकरण 2010 मध्ये सुरू झालं, त्याची रखडपट्टी सगळ्यांनी पाहिली. आता साताऱ्याजवळच्या शेंद्र्यापासून पुढे कोल्हापूरकडे कागलपर्यंतचं काम चाललंय. सेवा रस्ता मध्येच संपला की दुधाची किटली लावलेला मोटारसायकलवाला उलट्या दिशेने येणारच. वळसा घालायला त्याला वेळ कुठला? शेंद्र्यालाच अजिंक्यतारा साखर कारखाना. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर हमरस्ता ओलांडतात, तेव्हा मागची ट्रॉली बाहेर निघेपर्यंत जीव टांगणीला लागतो.

मागणी एवढीच: रस्त्यालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या-त्या गावापुरता आराखडा मराठीत लावा. गट नंबर, भुयारी मार्ग कुठे, सेवा रस्ता कुठे संपतो, पावसाचं पाणी कुठल्या मोरीने जाणार, आणि मुख्य म्हणजे भुयारी मार्गाची उंची. उसाने शिगोशीग भरलेली ट्रॉली खालून जाते की नाही, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. फक्त काँक्रीट पडायच्या आधी विचारा.

चांदणपुरात सध्या चार भुयारी मार्ग झालेत. पाचवा म्हशींसाठी वेगळा हवा, असा तिचा हट्ट आहे.

आपला,
एक निवृत्त आरेखक, सातारा