बाईंच्या वाचनखोलीसाठी माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळाच्या वतीने, कार्यवाह म्हणून, हे आवाहन करते आहे. ज्या बाईंच्या स्मरणार्थ हे काम उभं राहतंय, ती माझी आई. त्यामुळे लिहिताना कधी ‘बाई’ येईल, कधी ‘आई’. शाळेतही माझं तसंच व्हायचं. एकदा भर वर्गात तोंडून ‘आई’ निघून गेलं. वर्ग एकदम गप्प झाला. तिने फळ्यावरचं गणित पुरं केलं, खडू ठेवला आणि म्हणाली, ‘इथे मी सगळ्यांची बाई आहे.’ घरी आल्यावर मात्र मला बराच वेळ जवळ घेऊन बसली होती.

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. आत वह्या होत्या, प्रत्येक वर्गाची एक. एका मुलाला एक पान. वर नाव, खाली तारीख टाकून दोन-दोन ओळी. गुण कुठेच नाहीत. ‘घ आणि ध मध्ये गोंधळ.’ ‘भ ला म वाचतो.’ ‘फळ्यावरचं शेजारणीच्या वहीत बघून उतरवते; डोळे तपासायला सांगायचं.’ ‘पाठ आहे, वाचत नाही.’

ही शेवटची नोंद बऱ्याच पानांवर आहे. मुलं धडा ऐकून ऐकून पाठ करतात. बोट ओळीवरून फिरतं, तोंडाने शब्द बिनचूक येतात, आणि नजर खिडकीबाहेर असते. ऐकणाऱ्याला वाटतं, मूल वाचतंय. बाई अशा मुलाला शेवटची ओळ आधी वाचायला लावायच्या, मग मधली. तिथे पाठांतर कामी येत नाही. त्यांच्याकडे एक जाड कार्ड होतं, मधोमध एका शब्दापुरती खिडकी कापलेलं. ते पानावर ठेवलं की बाकीचे सगळे शब्द झाकले जात आणि मुलासमोर एकच शब्द उरे. ते कार्ड ट्रंकेत सापडलं. खिडकीच्या कडा इतक्या मुलांच्या बोटांनी काळ्या पडल्या आहेत.

मराठी जसं लिहितो तसंच वाचतो, मग त्यात शिकवायचं काय, असं अनेकांना वाटतं. आपल्याला येतं म्हणून तसं वाटतं. जोडाक्षरातला एकटा र पाहा. सूर्यात तो डोक्यावर चढतो, चक्रात तिरकी रेघ होऊन पोटात शिरतो, राष्ट्रात ट च्या पायाशी काकपद होऊन बसतो आणि दऱ्यांमध्ये निराळंच रूप घेतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगरातल्या, हे सांगण्यात बाईंचा एक अख्खा तास गेल्याचं मला आठवतं. त्या तासाला कोणी घंटेची वाट पाहिली नव्हती.

शाळा सुटल्यावर अडणारी दोन-चार मुलं मागे थांबायची. बाई त्यांच्यासमोर बसत नसत, शेजारी बसत. समोर बसलं की मुलाला परीक्षा वाटते, असं त्या म्हणायच्या. मूल अडलं की लगेच शब्द सांगायच्या नाहीत. मनात पाचपर्यंत मोजायच्या. तरी नाही आलं तर पहिलं अक्षर सांगायच्या आणि पुन्हा थांबायच्या. चुकलं तर ‘चूक’ म्हणायच्या नाहीत, ‘परत बघ’ म्हणायच्या.

शाळेने मंडळाला एक खोली दिली आहे. तिथे अडणाऱ्या मुलांसाठी वाचनखोली सुरू करतो आहोत. आईचा मोठा फोटो लावावा, अशी सूचना काही जणांनी मनापासून केली होती. मी नको म्हटलं आणि मंडळाने ते मान्य केलं. तिने स्वतः त्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ताच लावला असता.

पैसे लागतील. बसकी टेबलं, मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीची कपाटं, चांगला उजेड आणि पुस्तकं यांसाठी. रक्कम कितीही लहान असो, मंडळाच्याच खात्यात भरा आणि पावती घ्या. कोणाच्या हातात, माझ्याही, रोख देऊ नका. जमाखर्च दर महिन्याला खोलीच्या दारावर लावला जाईल.

पुस्तकं देणार असाल तर एक विनंती. ठळक टाइप, ओळींमध्ये मोकळी जागा, पानाला एक चित्र, थोडी वाक्यं, अशी पुस्तकं हवी आहेत. बदललेल्या अभ्यासक्रमाची पाठ्यपुस्तकं आणि पानं गळालेले गठ्ठे कृपया नकोत. त्यांची छाननी करण्यातच आमचे दिवस जातात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टीही लावू नका. काही वर्षांत तिचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि अक्षरं खातो. पान तसंच पाठवा, आम्ही बघू. कपाटांना कुलूप नसेल. ‘पुस्तकं वापरण्यासाठी असतात’ हे शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्र. पुस्तक फाटेल म्हणून ते मुलाला न देणं आईला कधीच पटलं नाही.

पण खरी अडचण माणसांची आहे. टेबल विकत आणता येतं, शेजारी बसणारं माणूस आणता येत नाही. आठवड्यातून एक तास द्या, आणि तो ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी द्या. दोनदा येऊन तिसऱ्यांदा न येणाऱ्या माणसाची मूल दारात उभं राहून वाट बघतं, म्हणून जमणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा, आम्हाला राग येणार नाही. शिक्षक असण्याची गरज नाही. पाचपर्यंत मोजता आलं की झालं. एका माणसाकडे एकच मूल असेल. खोलीचं दार उघडं असेल, आणि मंडळाची दोन मोठी माणसं कायम तिथे हजर असतील. मुलांचे फोटो कोणीही काढायचे नाहीत.

आता वह्यांबद्दल. त्या प्रदर्शनात मांडाव्यात असंही सुचवलं गेलं. ते होणार नाही. कोण कुठल्या अक्षराला अडत होतं, हे त्या मुलाचं आणि त्याच्या बाईंचं गुपित आहे. मात्र तुम्ही बाईंच्या वर्गात असाल तर तुमचं पान तुमचं आहे. येऊन घेऊन जा. दूर असाल तर बंद पाकिटात पाठवीन. नको असेल तर तसं कळवा, मी ते न वाचता नष्ट करीन.

माझं पान मी वाचलं. ‘घाई करते. घ-ध चुकतो. रागावलं की जास्त चुकतो. शेजारी बसलं की जमतं.’ तारीख बघितली तर मी दुसरीत होते. त्या संध्याकाळी स्वयंपाक बाजूला ठेवून आई माझ्याशेजारी येऊन बसली असेल. मला आठवत नाही.

तुमचं नाव, बाईंच्या वर्गात कोणत्या वर्षी होतात, कोणता वार मोकळा आहे आणि पान हवं आहे का, एवढं शाळेच्या पत्त्यावर लिहून पाठवा. पाकिटावर नुसतं ‘बाईंसाठी’ लिहिलंत तरी ते मला मिळेल.