उसळीचा काही दोष नाही

लीड्स, सोमवार

ती. सौ. आईस,
सा. न.

परवा फोनवर तू एकच धोशा लावलास, ‘फ्रीजमधली शिळी उसळ खाल्ली असणार!’ तेव्हा वाद घालायचं त्राण नव्हतं, म्हणून आता लिहिते.

गुरुवारी पाळणाघरातून फोन आला, चिऊला घेऊन जा. गाडीत बसवता बसवता ती माझ्या स्वेटरवर भडाभडा ओकली. शनिवारी पहाटे तीनला मी बाथरूमच्या गार फरशीवर गाल टेकून पडले होते. दुपारी यांचा नंबर लागला. आणि यांनी तर उसळीला हातही लावला नव्हता!

इथे याला ‘पोटाचा फ्लू’ म्हणतात, पण खऱ्या फ्लूशी त्याचं काही नातं नाही. आमच्याकडे आला तो बहुधा नोरोव्हायरस. इथल्या थंडीतला नेहमीचा पाहुणा. अमेरिकेत ओहायोतल्या नॉरवॉक गावच्या शाळेत १९६८ मध्ये साथ आली होती, त्या गावावरून हे नाव. बिचारं गाव! लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब सुरू. गुरुवार ते शनिवार, हिशेब जुळतो की नाही बघ.

गंमत म्हणजे करोनापासून साठवलेल्या जेलच्या बाटल्या इथे फारशा कामाच्या नाहीत. करोनाच्या विषाणूला चरबीचं आवरण असतं, ते अल्कोहोलने फाटतं. याला ते आवरणच नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली खसाखसा हात धुवायचे, आणि फरशी, नळ, दारांच्या मुठी ब्लीचने पुसायच्या. म्हणजे तुझं ‘आधी हात धू’ बरोबरच होतं, हे मान्य.

अप्पांना सांग, डब्यातल्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या यावर चालत नाहीत. त्या जिवाणूंसाठी, हा विषाणू. मी लिटरभर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घातलं आणि चिऊला चमच्याचमच्याने पाजत बसले. घटाघटा दिलं की सगळं बाहेर. दोन दिवसांत उतरलं. तरी शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास पाळणाघर बंद, त्यामुळे माझी रजा संपली ती संपलीच.

दादाच्या बाळाला रोटाव्हायरसचे थेंब दिले का? तोही पोट बिघडवणारा विषाणू, तान्ह्यांना फार सुकवतो. आपल्याकडे ६, १०, १४ आठवड्यांना देतात, सरकारी दवाखान्यात फुकट. पुण्यातही ही लस बनते. वहिनीला कार्ड बघायला सांग. नोरोवर मात्र अजून लस नाही.

आता बऱ्या आहोत. काल मऊ भात-मेतकूट खाल्लं. उसळ टाकून दिली. दोष नसला तरी मटाराचा वास अजून नको वाटतो.

तुझी,
माई