खोक्यावरच्या ‘नॉइज कॅन्सलेशन’ या शब्दांबद्दल तक्रार

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : वायरलेस इअरबड्स परत घेऊन ₹१,७९९ परत मिळणेबाबत

महोदय,

मी बेळगावात वडगावला राहते आणि आठवी ते दहावीच्या मुलांना घरून ऑनलाइन गणित शिकवते. आमच्या घरी खालच्या मजल्यावर चार यंत्रमाग आहेत. सकाळी आठला सुरू होतात ते दुपारच्या जेवणाची सुट्टी सोडली तर रात्रीपर्यंत चालतात. शेजारीही तेच. वर माझ्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला तर त्यातले पाणी थरथरताना दिसते. हे सगळे मी खरेदीपूर्वी तुमच्या ग्राहक सेवेला फोनवर सांगितले होते, म्हणून इथे पुन्हा लिहिते आहे.

तुमच्या वेबसाइटवर मी दोन वस्तू निवडून ठेवल्या होत्या. एक ₹१,७९९ चे इअरबड्स, दुसरा पूर्ण कान झाकणारा ₹१८,९९० चा हेडफोन. दोन्हींच्या चित्राखाली ‘नॉइज कॅन्सलेशन’, म्हणजे गोंगाट घालवण्याची सोय, असेच लिहिलेले. हेडफोनसाठी मी भिशीचे पैसे बाजूला काढले होते. तरी दहापट किंमत म्हटल्यावर हात आखडला आणि मी फोन लावला. घरात माग आहेत, मुले काय विचारतात ते मला नीट ऐकू यायला हवे, यातले कोणते घेऊ? उत्तर मिळाले, “मॅडम, नॉइज कॅन्सलेशन दोन्हीत आहे. फरक फक्त बेसचा आणि बॅटरीचा. क्लाससाठी इअरबड्स भरपूर झाले.” मी त्या शब्दावर विश्वास ठेवला.

पार्सल आले तेव्हा मंगाईची यात्रा होती. घर पाहुण्यांनी भरलेले, माग बंद. त्या दिवसांत इअरबड्स छानच वाटले. माग सुरू झाल्यावर ऐकू येईना, तेव्हा वाटले आपलेच काहीतरी चुकते आहे. सोबत आलेली तिन्ही मापांची रबरे बदलून पाहिली. त्यात तुमची परतीची सात दिवसांची मुदत संपली.

मग एके दिवशी वर्गसमीकरणे शिकवताना एका मुलीने काहीतरी विचारले. पडद्यावर तिचे ओठ हलताना दिसत होते, कानात फक्त खडखडाट. तिने तीनदा विचारले. शेवटी दुसऱ्या मुलाने चॅटमध्ये लिहिले, “मॅडम, उणे कुठनं आलं म्हणून विचारालीय ती.” त्या मुलीने नंतर तासभर तोंड उघडले नाही. गणितात एकदा गप्प झालेले मूल पुन्हा बोलते करायला किती दिवस लागतात, ते शिकवणाऱ्यालाच ठाऊक.

त्याच संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. “तुमच्याकडच्या मागाचा आवाज आता अजिबात येईना झालाय हं!” तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खोके काढून बारीक अक्षरे वाचली. तिथे ‘ईएनसी’ लिहिले आहे. ते माइकमधला गोंगाट गाळते, म्हणजे फायदा पलीकडच्या माणसाला. माझ्या कानातला गोंगाट कमी करते ते ‘एएनसी’. त्यात बाहेरचा आवाज माइकने टिपून त्याच्या नेमकी उलट लहर कानात सोडली जाते. ती सोय या इअरबड्समध्ये नाहीच. मोठ्या अक्षरांत मात्र दोन्ही वस्तूंवर एकच नाव.

टिळकवाडीतल्या मावसभावाकडे एएनसीचा हेडफोन आहे. तो आणला आणि चालू मागाशेजारी उभी राहिले. मोटारीची घरघर जवळजवळ गेली. धोटा आपटण्याचा आवाज गेला नाही, पण लांब गेल्यासारखा झाला. एएनसी सलग, खालच्या पट्टीच्या आवाजावर चांगले चालते. अचानक आपटणारा आवाज अडतो तो मुख्यतः कानावरच्या गादीने. एवढे जरी फोनवर सांगितले असते, तरी मी हेडफोनच घेतला असता. शांत खोलीत बसून गाणी ऐकणाऱ्याला १,७९९ ची जोडी पुरते, तिला मी वाईट म्हणत नाही. मी कशासाठी घेते आहे हे सांगूनही मला चुकीची वस्तू सुचवली गेली, ही माझी तक्रार आहे.

ऐकू यावे म्हणून मी पंधरा दिवस आवाज पूर्ण वाढवून शिकवले. रात्री कानात शिट्टी वाजत राहायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. बाबांनी तीस वर्षे माग चालवला. आज आई त्यांना जेवायला बोलवायची तर खांद्याला हात लावते. माझे कान तसे होऊ नयेत म्हणूनच मी भिशीला हात घातला होता.

ग्राहक सेवेचे उत्तर आले की मुदत संपली आहे आणि वस्तूत दोष नाही. वस्तू ठीक आहे, हे मलाही मान्य. दिलेली माहिती चुकीची होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची तरतूद आहे, आणि ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन आणि पुढे बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन.

माझे पूर्ण पैसे परत करा, किंवा ते हेडफोनच्या किमतीत वळते करा. आणि फक्त ईएनसी असलेल्या वस्तूंच्या बाबतीत वेबसाइटवर व खोक्यावर ‘नॉइज कॅन्सलेशन’ हे नाव जिथे येते तिथे ‘फक्त माइकसाठी’ असे तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापा.

इअरबड्स, खोके आणि रबरे जपून ठेवली आहेत, बिलाची प्रत सोबत जोडली आहे. वस्तू न्यायला माणूस पाठवाल तर दुपारी एक ते दोनच्या मध्ये पाठवा. तेव्हा माग बंद असतात, दाराची बेल ऐकू येते.

आपली,
एक ग्राहक
वडगाव, बेळगाव