कणसूला हातात घेण्याआधी

लीड्स,
24 ऑगस्ट

चि. गार्गी हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला. डिसेंबरात आम्ही तिघं कराडला येऊ तेव्हा तीन आठवडे इथलं घर सांभाळशील, झाडांना पाणी घालशील, "पण आत्या, ईशानचा तो साप चावला तर?" सरळ विचारलंस ते बरं केलंस. "काही करत नाही गं, गरीब आहे" असं म्हणून तुला गप्प करता आलं असतं, पण ते खरं नाही. पिल्लू आहे, चावू शकतं. म्हणून चावण्यापासूनच सुरुवात करते.

आधी तो कोण ते. जात कॉर्न स्नेक. मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला, मक्याच्या कोठारांत उंदरांमागे येणारा. म्हणून ईशानने नाव ठेवलंय कणसू. बिनविषारी. आपल्याकडच्या तस्कराचा हा लांबचा भाऊ लागतो, दोघांनाही पूर्वी एकाच प्रजातिगटात धरत. जूनअखेरीस अंड्यातून निघाला, आत्ता एक फूट आणि वर दोन बोटं लांब, पेन्सिलीपेक्षा बारीक. वजन 12 ग्रॅम, म्हणजे दहाच्या दीड नाण्याएवढं. डिसेंबरापर्यंत साधारण दुप्पट होईल. पूर्ण वाढला की चार-पाच फूट, आणि नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगेल. तेव्हा ही ओळख करून घेणं एका डिसेंबरापुरतं नाही.

त्याला विषाचे दात नाहीतच. जे आहेत ते वरच्या जबड्यात चार ओळी, खालच्या दोन, सगळे बारीक आणि आत घशाकडे वळलेले. दुखण्याचा अंदाज हवा असेल तर सँडलच्या चिकटपट्टीची खरखरीत बाजू बोटावर दाबून ओढून बघ. तेवढंच. शेतात अनवाणी सराटा रुतला तर याच्या कितीतरी पट दुखतं, आणि तू ते लहानपणी शंभरदा सोसलंयस. हे डोक्याला कळून उपयोग नाही, बोटाला कळायला हवं. चिकटपट्टीचा प्रयोग खरंच कर.

मात्र दातांचा तो बाक लक्षात ठेव. बोरीच्या काट्यात पदर अडकला की आपण ओढत नाही. ओढला की फाटतो, किंचित पुढे सरकवला की सुटतो. इथेही तेच. चावल्यावर हात झटकला तर तुझी कातडी ओरखडते, त्याचे दात मोडून आत राहू शकतात, आणि 12 ग्रॅमचा जीव भिंतीवर जाऊन आपटतो. घाबरलेल्या माणसाकडून सापाला होणारी खरी इजा ती. तुला होणारी नगण्य.

आता तो चावतो का? एवढ्याशा सापाला पक्षी खातात, मोठे साप खातात, कोल्ह्या-मांजरांच्या जातीतले सगळे खातात. वरून काहीतरी मोठं, गरम, हलणारं आलं की त्याच्या लेखी मरण आलं. पळायला जागा नसेल तर तो मान इंग्रजी एससारखी दुमडतो, शेपटीचं टोक थरथरवतो (भुशात ते इतकं खुळखुळतं की नवख्याला वाटतं शेपटी वाजवणारा विषारी रॅटलस्नेकच आहे), आणि झेप टाकतो. बहुतेक वेळा तोंड मिटलेलंच असतं, नुसती ढुशी. उघडं असलं तरी लागून लगेच सुटतं. हा झाला घाबरून घेतलेला चावा. दुसरा प्रकार भुकेचा: बोटाला उंदराचा वास आला, त्याने ते बोट जेवण समजून पकडलं आणि वेटोळं घातलं. हा सोडत नाही. पहिला टाळायला संयम लागतो, दुसरा टाळायला फक्त साबण.

तुझ्या धडकीचा संबंध येतो ती गोष्ट मात्र वेगळीच आहे. माणूस हात पुढे नेतो, साप हलला की मागे घेतो, पुन्हा नेतो, पुन्हा घेतो. डोक्यावर घिरट्या घालणारा हात! घारीचं काम आपणच करतो आणि मग म्हणतो साप चिडका आहे. न घाबरणाऱ्यापेक्षा घाबरणारा जास्त चावून घेतो, तो असा. म्हणून नियम एकच धर: आज उचलायचं की नाही ते त्याच्या डब्याचं झाकण उघडण्याआधी ठरव. उचलायचं नसेल तर पाणी बदलून झाकण लाव, त्यात कमीपणा नाही. उचलायचं ठरलं तर अर्ध्यावर थांबू नकोस.

सप्टेंबरात येशील तेव्हा हाताशी अडीच महिने आहेत, घाई नको. पहिला आठवडा त्याला हात लावूच नकोस. रोज संध्याकाळी डब्याशेजारी पाच-दहा मिनिटं बस, पाण्याची वाटी बदल, घाण दिसली तर चिमट्याने काढ. तुझा एक वापरलेला मोजा डब्यात कोपऱ्यात ठेवू. वास ओळखीचा होतो. दुसऱ्या आठवड्यात तो लपणीत (डब्यातल्या त्याच्या लपायच्या जागेत) असताना लपण उचलायची आणि शरीराच्या मागच्या अर्ध्या भागाला एका बोटाने दोन-तीन सेकंद स्पर्श करायचा. डोक्याला नाही, शेपटीच्या टोकालाही नाही. तो आक्रसेल, पुढे सरकेल. सरकू दे. पाठलाग करू नकोस. असे तीन-चार दिवस गेले की तिसऱ्या आठवड्यात उचलायचं.

उचलण्याची रीत अशी. हात साबणाने धुऊन कोरडे कर. वासाचं क्रीम, अत्तर काही नको. जमिनीवर गालिच्यावर मांडी घालून बस, मांडीवर टॉवेल. उभ्याने कधीच नाही, कारण तू दचकलीस तर तो पडतो. लपण बाजूला काढ. कागदाच्या रिकाम्या नळीने पाठीला हलकेच एकदा टेकव, म्हणजे त्याला कळतं की हे जेवण नाही. मग हात वरून न आणता बाजूने, जमिनीला धरून आण, बोटं शरीराच्या मधल्या भागाखाली सरकव आणि भुशासकट उचललास तरी चालेल, पण एका दमात. डोकं कुठल्या बाजूला आहे ते बघून तळवा शेपटीकडच्या अंगाने ने.

हातात आला की पकडायचं नाही. हे सगळ्यात अवघड जातं, कारण हात आपोआप मिटतो. दाब पडला की त्याला वाटतं धरलं, आणि तो वळून चावतो. तळवा सपाट ठेव, तो पुढे निघाला की दुसरा हात त्याच्या पुढे धर, मग पहिला पुन्हा पुढे. रहाटाच्या बादल्या जशा एकामागून एक येतात तसे हात. साप चालत राहतो, तू फक्त जमीन पुरवतेस. मान दोन बोटांत धरणं हे सर्पमित्रांचं आणि दवाखान्याचं काम, आपलं नव्हे.

पहिल्यांदा दोन मिनिटं पुरे. मग पाच, मग महिनाभरात दहा-पंधरा. जीभ सावकाश आत-बाहेर होतेय, अंग सैल आहे, बोटांमधून वाट काढतोय, म्हणजे ठीक. झटके देत सुसाट पळतोय किंवा मान दुमडून गोठलाय, म्हणजे हात डब्यात खाली टेकव आणि त्याला स्वतःहून उतरू दे. झेप टाकली तर मात्र त्याच क्षणी टाकून देऊ नकोस. हात स्थिर ठेव, तो शांत होऊन जीभ काढायला लागला की मग परत ठेव. अर्धा मिनिट लागतो. एखादे वेळी तो हातावर घाण करेल आणि वर एक उग्र दर्प सोडेल. चावण्यापेक्षा हे जास्त वेळा होतं आणि त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. साबणाने दोनदा धुतलं की जातं.

हातमोजे घालू का, असं विचारशीलच. बागकामाचे पातळ मोजे पहिल्या दोन-तीन वेळा चालतील. जाड चामड्याचे नकोत. त्यात एवढं बारीक शरीर जाणवत नाही आणि नकळत चिमटलं जातं. लांब बाह्यांचा शर्ट बरा.

चावलाच, तर: मोठ्याने "आई गं" म्हण, हात हलवू नकोस. सोडला असेल तर त्याला डब्यात ठेव, झाकणाच्या दोन्ही कड्या लाव, मग हात कोमट पाण्याने आणि साबणाने धू. टाचणीने टोचल्यासारखे ठिपके दिसतील, एखादा मिनिट रक्त येईल, कापूस दाबून धर. भुकेने पकडून बसला असेल तर ओढायचं नाही. बहुतेकदा बोट गिळण्याजोगं नाही हे त्याला स्वतःलाच कळतं. नाहीच सोडलं तर नळाच्या थंड पाण्याची बारीक धार, किंवा माउथवॉशचा एक थेंब त्याच्या ओठाच्या कडेला. वेटोळं शेपटीकडून सोडवायचं, डोक्याकडून नाही. दुसऱ्या दिवशी लाली-सूज वाढली तर डॉक्टरांना दाखव. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते येण्याआधी तपासून घे. ते सापासाठी म्हणून नव्हे, एरवीही.

वार लक्षात ठेवायला सोपे आहेत. रविवारी जेवण. सोमवार-मंगळवार हात लावायचा नाही, कारण पोटात अन्न असताना हाताळलं तर तो ओकतो, आणि एवढ्याशा पिल्लाला एक ओकारीही जड जाते. तसं झालं तर निदान दहा दिवस उपास आणि मग नेहमीपेक्षा लहान घास. बुधवारी आणि शुक्रवारी हातात घ्यायचं. शनिवारी नाही, भूक लागलेली असते.

जेवण म्हणजे गोठवलेलं उंदराचं पिल्लू, त्याला इथे पिंकी म्हणतात. (हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नकोस. फ्रीजरमध्ये त्याचा वेगळा, झाकणाचा डबा आहे, तो माझ्या मोदकांच्या कप्प्यात नाही, एवढंच सांग.) एका वेळी एक, सापाच्या सर्वांत जाड भागाएवढ्या जाडीचं, वजनाच्या दहा-पंधरा टक्के. रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यायचं, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात दहा मिनिटं. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, बाहेरून शिजतं आणि आत बर्फ राहतो. फूटभर लांब चिमट्याने त्याच्या तोंडापुढे धरायचं. बोटांनी दिलंस की त्याच्या हिशेबी बोटं आणि जेवण एकच झाली. त्यानंतर आणि दर वेळी हाताळून झाल्यावर वीस सेकंद साबणाने हात. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. त्याची वाटी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाही. यावर मी कडक आहे.

डोळे दुधी-निळसर झाले की तो कात टाकणार. तेव्हा त्याला धड दिसत नाही आणि गरीब सापही चावरा होतो. आठवडा-दहा दिवस सोडून दे, लपणीतला शेवाळाचा गोळा ओला ठेव. कात डोळ्यांसकट एकसंध निघाली का ते बघून मला फोटो पाठव.

डब्याची गरम बाजू 28 ते 30 अंश, थंड बाजू 22 च्या आसपास. ते थर्मोस्टॅट सांभाळतो, तू फक्त आकडा बघ. झाकणाच्या कड्या मात्र दोनदा बघ. डोकं जिथे मावतं तिथून अख्खा साप जातो, आणि त्याचं डोकं शेंगदाण्याएवढं आहे.

एक गोष्ट दादांनाही वाचून दाखव. इथे शिकलेलं तिथे चालवायचं नाही. आपल्या परड्यात पावसाळ्यात निघणारं पिल्लू घोणसीचं असू शकतं, आणि घोणसीची पिल्लं जन्मतःच विषारी असतात. कवड्या म्हणून ज्याला उचलावं तो मण्यार निघतो. जाणत्यांचीही गफलत होते. शिवाय आपल्याकडचे रानातले साप पकडणं, पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. लांब उभं राहा, नजर ठेवा, सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या 1926 वर फोन करा. कणसूला हातात घेता आलं म्हणून तुझा हात तिथे धीट झाला, असं मला ऐकायचं नाहीये.

ती. दादांना आणि वहिनींना सा. नमस्कार. आईच्या गुडघ्याचं कळव.

तुझी,
आत्या

ता. क. – परकराची एक नाडी घे, फूटभर काप आणि टीव्ही बघताना ती एका तळव्यावरून दुसऱ्यावर, न चिमटता, सरकवत राहा. रोज पाच मिनिटं. सुती घे, नायलॉनची फार घसरते.